रेघ दिसता कामा नये

शनिवार, ललिता पंचमी. दुपारी साडेतीन. स्थळ: शाळेचे दोन वर्ग, मधलं पार्टिशन काढून. विषय: शरद ऋतूसाठी डोळ्यांचा स्मोकी मेकअप, प्रात्यक्षिकासह.

उपस्थित: अध्यक्षा शुभदावहिनी. सचिव म्हणून मी. शाळेच्या शिपाई पार्वतीबाई, ज्या सतरंज्या घालायला आल्या आणि थांबल्या. वाडीवाल्या घरांतल्या चौदाजणी, खालच्या आळीतल्या अकरा, बाजारातल्या नऊ, दिवेआगरच्या होमस्टे चालवणाऱ्या तिघी. एकूण चाळीस, आणि प्रात्यक्षिक दाखवायला पमाताई.

महिला मंडळाच्या वहीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे. पुढे जे झालं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

पमाताईचं पार्लर एसटी स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून होतं. एक फिरती खुर्ची, दोन आरसे, एक पंखा. गिरणी चालू असली की आरशांवर पीठ बसायचं, म्हणून तिच्या हातात कायम एक फडकं. गेल्या वीस वर्षांत आमच्या गावातून लग्न होऊन गेलेल्या बहुतेक मुलींच्या भुवया तिनेच कोरलेल्या. ती स्वतः पन्नाशीची, उंच, हडकुळी. सुती साडी, दागिना नाही. पण डोळे मात्र सकाळी आठ वाजल्यापासून रंगवलेले. पापणीच्या केसांपाशी काळे, वर तपकिरी, भुवईकडे जाता जाता विरलेले. मुली त्याला स्मोकी म्हणायला लागल्या ते अलीकडे. त्याआधी गाव तिला मागून ‘धुरी’ म्हणायचं, आणि तिला ते ठाऊक होतं. फोनवर पत्ता विचारणाऱ्यांना तीच सांगायची, “स्टँडवर उतरा आणि धुरीचं पार्लर विचारा. कुणीही दाखवेल.”

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हे डोळे हौसेचे नव्हते. तिच्या डाव्या पापणीवर पांढरा डाग होता, नाकाच्या बाजूने सुरू होऊन भुवईखाली पसरलेला. कोड. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तरी आमच्याकडे कोड असलेल्या बाईच्या हातून हळदीकुंकू घेताना बायका मागे सरतात, आणि पमाताईचं तर कामच दुसऱ्यांच्या डोळ्यांना हात लावायचं. डाग दिसला असता तर तिची खुर्ची त्याच दिवशी रिकामी झाली असती. म्हणून तो रोज झाकायचा. एकच डोळा रंगवला तर लोक विचारतील, म्हणून दोन्ही.

त्या डागापायी तिने काय काय सोडलं, ते मी नंतर मोजलं. समुद्र पाच मिनिटांवर, पण पाण्यात कधी उतरली नाही. रंगपंचमीला दार बंद. कुणाकडे मुक्कामाला राहणं नाही, कारण सकाळी तोंड धुवावं लागतं. नवरीला हळद लागताना बायका एकमेकींच्या गालाला हळद फासतात, तेव्हा ही स्वयंपाकघरात कामाला. आणि रडणं. तिची आई गेली तेव्हा मी तिथे होते. पमाताई उशाशी बसली होती. दर थोड्या वेळाने पदराचं टोक खालच्या पापणीला टेकवायची, पाणी गालावर यायच्या आधीच टिपायची. एवढंच. तिरडी उठल्यावर अंगणात एकजण म्हणालीच, “आई गेली, पण बाईचं काजळ काही फिसकटलं नाही.” पमाताईने ते ऐकलं. आत जाऊन तिने आईचं अंथरूण गुंडाळलं.

शिकवायची मात्र जीव तोडून. तिच्या रंगांना तिची नावं होती. डब्यांवरची इंग्रजी नावं तिला मान्य नव्हती. ओली सुपारी, सुकी सुपारी, करवंटी, तव्याखालचं. “आधी बर्फाचं फडकं डोळ्यांवर ठेवायचं, पंख्याखाली बसायचं. इकडच्या शरदात घाम किती येतो ते त्या फोनवरच्या बायांना कुणी सांगितलेलं नाही. मग खोबणीत करवंटी. मग केसांच्या मुळाशी तव्याखालचं, आणि दहा आकडे मोजायच्या आत ते वर पसरायचं. वाळलं की मेलं.” शेवटचा हात ब्रशचा नाही, अनामिकेचा. “या बोटाला जोर नसतो, म्हणून हे चांगलं.” आणि प्रत्येक मुलीला एकच वाक्य: “रेघ दिसता कामा नये. धूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे बघणाऱ्याला सांगता आलं तर काम फुकट.”

पार्वतीबाई तिची रोज थट्टा करायच्या. “पमाताय, माजे डोले चुलीच्या धुरान आदीच काले हायत. मना काय शिकवतेस?”

“तुमची रेघ दिसते पार्वतीबाई,” पमाताई गंभीरपणे म्हणायची.

“रेग न्हाय ती, सुरकुती हाय.”

मला डागाचं कळलं ते वादळाच्या दिवशी. सकाळपासून कच्च्या घरांतली माणसं शाळेत आणली होती आणि शाळेची कारकून म्हणून यादी माझ्याकडे होती. एकसष्ट नावं. दुपारी वारा इतका वाढला की पत्रे पोफळींवर जाऊन आपटत होते. मी दर तासाला डोकी मोजत होते. दोन वाजता साठ भरली. पमाताई नव्हती. तिच्या घराचं छप्पर तोवर उडालं होतं आणि ती ओलीचिंब होऊन आलेली मी स्वतः बघितली होती. पार्वतीबाई म्हणाल्या, “प्रयोगशालेत गेल्या व्हत्या.” मी दार उघडलं. ती बेसिनवरच्या फुटक्या आरशासमोर उभी होती. चेहरा धुतला गेलेला. हातात एक काडी, काडीला काजळी. शाळेच्या रॉकेलच्या कंदिलाच्या काचेवरची काजळी खरवडून ती पापणीला लावत होती. डावा डोळा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी दार आतून लावलं. तिने काडी खाली ठेवली आणि सांगितलं, जसं आपण नाव, गाव, पत्ता सांगतो तसं. एकविसाव्या वर्षी लग्न झालं होतं, अलिबागकडे. डाग तेव्हा वाटाण्याएवढा. मामीने पावडरीत हळद कालवून झाकला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीचं नहाण. सासरच्या बायका भोवती जमल्या, डोक्यावर पाणी ओतणारी सासूच होती, आणि पावडर धुतली गेली. “तिने तांब्या खाली ठेवला, सुधा. आपटला नाही. अगदी हळू ठेवला.” आठ दिवसांनी भाऊ येऊन घेऊन गेला. मग ती दादरला एका पार्लरमध्ये झाडूपोछा करत शिकली आणि परत आली.

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे. तू यादीत लिही, पमा सापडली. बाहेर सगळे काळजी करत असतील.”

नंतर चार वर्षांत हा विषय आम्ही काढला नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी शुभदावहिनी आपल्या मुलीला, ऋतुजाला, पार्लरमध्ये घेऊन गेल्या. दुपारची, गिऱ्हाईक नसतानाची वेळ धरून. शुभदावहिनींची मोठी वाडी, दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या, आणि बावीस वर्षांची ही एकच मुलगी. तिच्या उजव्या पापणीवर दोन महिन्यांपूर्वी पांढरा ठिपका आला होता, आता तो नखाएवढा झाला होता. पुण्याचं एक स्थळ बघायला येणार होतं. मी तिथे पडद्यामागे भुवया कोरून घेऊन आरशाशी बसले होते. शुभदावहिनींना मी आहे हे माहीत होतं, पण मी सचिव, माझ्यासमोर त्या सगळंच बोलत.

“ते तुझ्यासारखं करून दे,” वहिनी म्हणाल्या. “काळं काळं. पोरींमध्ये फॅशनच आहे, कुणाला संशय यायचा नाही.”

पमाताईने मुलीची हनुवटी उचलून डोळा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “बघायला येतील त्या दिवशी करून देते. पण वहिनी, ठरायच्या आधी त्यांना सांगा.”

“ते आमचं आम्ही बघू. तू तुझं काम कर.”

“कामच करते आहे. हे रोज धुतलं जातं. एक दिवस ते दुसऱ्याच्या मोरीत धुतलं जाईल.”

“तुला काय माहीत त्यातलं?” वहिनी म्हणाल्या. सहज म्हणाल्या, लागेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. पमाताईने पडद्याच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं, आणि रंगांचा डबा उघडला.

त्यानंतर ऋतुजा एकटी यायला लागली. कॉलेजच्या बसमधून उतरून थेट पार्लरमध्ये. पमाताई तिला झाकायला शिकवत होती आणि त्याच वेळी न झाकता बसायला लावत होती. अर्धा तास तोंड धुऊन आरशासमोर नुसतं बसायचं, मग रंग. ऋतुजाने एकदा विचारलं, “पमामावशी, तुम्हाला कसं कळतं मला कुठे पांढरं दिसतं ते? आईलासुद्धा उजेडात न्यावं लागतं.” पमाताई म्हणाली, “धंदा आहे माझा.” हे मला पमाताईनेच सांगितलं, आणि म्हणाली, “तिला खोटं सांगितलं गं मी. त्या पोरीला वाटतं, जगात ती एकटीच आहे.”

नवरात्रातल्या कार्यक्रमाचा विषय मंडळातल्या तरुण मुलींनी सुचवला. मेकअप कुणावर करून दाखवायचा, तर सगळ्यांनी ऋतुजाचं नाव घेतलं, कारण ती दिसायला सुरेख. शुभदावहिनींना सभेत नाही म्हणता आलं नाही. मीही गप्प बसले.

पंचमीला वहिनी एकट्या आल्या. “तिला ताप आहे,” म्हणाल्या. मी विचारलं, दुसरं कोण बसेल? कुणी उठेना. नवरात्रात डोळ्यांना काळं फासून घ्यायचं, घरी घट बसलेले, सासूबाई काय म्हणतील. चाळीसजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. पार्वतीबाई म्हणाल्या, “मी बसते, पन माज्यावर रंग वाया जाईल.” हशा झाला. पमाताई हसली नाही. ती खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर, पारिजातकाच्या झाडाशी, ऋतुजा उभी होती. ताप वगैरे काही नव्हता. तोंडावर ओढणी घेतलेली.

पमाताईने खुर्ची स्वतःकडे ओढली आणि सगळ्यांकडे तोंड करून बसली. “मीच बसते,” म्हणाली. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, कापसावर तेल घेतलं आणि दोन्ही डोळे पुसले. एक कापूस, दुसरा, तिसरा. घाई नाही. चौथा कापूस स्वच्छ निघाला तेव्हा तिने हात मांडीवर ठेवले आणि मान वर केली. उजेड खिडकीतून सरळ तिच्या तोंडावर येत होता.

“हे कोड आहे,” ती म्हणाली. “तीस वर्षं आहे. आता मी दाखवते ते कसं झाकतात. आणि झाकायचं नसेल तर हेही असंच दिसतं, बघून घ्या.”

ती शेवटची दोन वाक्यं खिडकीकडे बघून बोलली. मग खरंच तिने प्रात्यक्षिक केलं. बर्फाचं फडकं, करवंटी, तव्याखालचं, दहा आकडे. आवाज रोजचा. पण फक्त उजव्या डोळ्याला. डावा तसाच ठेवला.

मागून एक आवाज आला, “आणि त्याच हातांनी आमच्या डोळ्यांना रंग लावत होतीस?” कुणाचा ते मला माहीत आहे, लिहीत नाही. कारण तो एकीचा नव्हता. बायका उठायला लागल्या. शुभदावहिनी बाहेर गेल्या, ऋतुजाचा दंड धरून तिला घरी घेऊन गेल्या. चहा चाळीसजणींचा केला होता, सहाजणींनी घेतला.

मी व्यवहारी बाई आहे. मी लगेच कामाला लागले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना बोलावून भाषण ठेवलं. कोड संसर्गजन्य नाही, हे त्यांनी तक्ता लावून समजावलं. एकोणीसजणी आल्या, सगळ्यांनी माना हलवल्या, दोघींनी प्रश्नही विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच पाचजणी भुवयांसाठी श्रीवर्धनला जाणाऱ्या गाडीत मला दिसल्या. दिवाळीत पार्लर रिकामं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, पमाताईकडे एकही नवरी नाही. फक्त पार्वतीबाई गेल्या, ज्यांनी आयुष्यात भुवईला दोरा लावून घेतला नव्हता. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “काय ता कर. पन दुखवू नको.” पमाताईने दोन तास घेतले.

आणि मी. मीही गेले, दर दुसऱ्या शनिवारसारखी. पण त्या शनिवारी मी पिशवीत घरचा नॅपकिन घेतला होता. वीस वर्षांत कधी नेला नव्हता. का घेतला, ते मला निघताना कळलं नाही, किंवा कळलं होतं आणि मी थांबले नाही. खुर्चीत बसल्यावर मी तो काढून मानेखाली ठेवला. पमाताईचा टॉवेल तिच्या हातातच होता, धुतलेला, घडी घातलेला. तिने तो परत फळीवर ठेवला आणि माझा नॅपकिन नीट सरळ केला. भुवया नेहमीसारख्या कोरल्या. मी घाईने निघाले आणि नॅपकिन तिथेच विसरले.

पौषात ती पनवेलला बहिणीकडे जायला निघाली. सामान फार नव्हतं. खुर्ची दिवेआगरच्या एका होमस्टेवालीने नेली. मी सकाळी साडेसातला स्टँडवर गेले. ती बाकावर बसली होती, तोंड धुतलेलं, डोळ्यांना काहीही नाही. डावी पापणी उन्हात इतकी पांढरी दिसत होती की मी नकळत दुसरीकडे पाहिलं. पापणीला ऊन सोसत नव्हतं, म्हणून ती तो डोळा अर्धा मिटून बसली होती. येणारे-जाणारे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

“ऋतुजाचं ठरलं म्हणे,” ती म्हणाली.

“पुण्याचंच. वैशाखात.”

“सांगितलं त्यांना?”

“नाही. वहिनी म्हणतात, लग्नानंतर बघू.”

तिने मांडीवरचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत तिचे ब्रश होते, धुऊन उन्हात वाळवलेले, रंगांच्या चार डब्या, आणि एका वहीच्या कागदावर लिहिलेला तिचा पनवेलचा फोन नंबर. सगळ्यांत वर माझा नॅपकिन, इस्त्री केलेला.

“हे ऋतुजाला दे. मी दिलं तर तिची आई फेकून देईल. तू दिलंस तर नाही. आणि तिला म्हणावं, नहाणाच्या आधी एकदा फोन कर. तिनेच त्याला सांगायचं, आईने नाही. कसं सांगायचं ते मी सांगते.”

“देते,” मी म्हटलं.

गाडी लागली. ती खिडकीशी बसली, उन्हाच्या बाजूला जागा मिळाली होती. तिने पदर डोक्यावरून ओढला, मग काय वाटलं कोण जाणे, परत खांद्यावर घेतला. गाडी गिरणीच्या वळणावर जाईपर्यंत ती दिसत होती.

नॅपकिन मी घरी ठेवून घेतला. डबा शाळेतल्या माझ्या कपाटात आहे, दाखल्यांच्या फायलींच्या मागे. शुभदावहिनी रोज भेटतात. ऋतुजा समोरूनच बससाठी जाते, डोळे सुरेख रंगवलेले, रेघ दिसत नाही. हाक मारायची आणि डबा द्यायचा, दोन मिनिटांचं काम आहे. वहिनींना कळलं तर मंडळ मोडेल, मुलीच्या लग्नात विघ्न आणलं असं होईल, परीक्षा चालू आहेत, पाहुणे आलेत, अशी कारणं मी रोज त्या कामापुढे लिहिते. काल त्यांच्या घरी लग्नाची पत्रिका आणायला गेले होते. नहाण कुठल्या दिवशी, तेही त्यात छापलं आहे. बावीस दिवस आहेत. डबा अजून कपाटातच आहे.